लोडचा पट्टा

सकाळचा जप झाला की मी वही उघडते. एरवी दिवस चार ओळींत मावतो. आज मावणार नाही, कारण शिवणवाल्या ताईंविषयी लिहायचं आहे आणि हात आवरता येत नाही.

ताई आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. पुढची खोली दुकान, मागच्या दोन खोल्या घर. गळ्यात टेप इतकी कायमची की, "झोपेतही कुशी मोजत असतील," असं आमचे हे म्हणतात. नवरा गेल्यावर ताईंनी मशीन चालवून घर सावरलं, आणि पुढे दीरही गेला तेव्हा धाकट्या जावेला एकटी पडू दिलं नाही. तिला सुई धरायला शिकवली. धाकटी डावरी. उजव्या हाताने डाव्या हाताला टाका शिकवायचा म्हणजे डोक्याला ताप, पण ताई तिच्या समोर बसून शिकवत राहिल्या. आता कापणं आणि मशीन ताईंचं, हातशिलाई आणि काज-बटण धाकटीचं. तिचं काम ताई कधी उलटून बघत नसत. "माझाच हात आहे तो," म्हणायच्या.

घरात मांजरं तीन. अस्तर ही म्हातारी, करड्या रंगाची, दात पडलेले, मूत्रपिंड थकलेलं; पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता येतात. लोड हा मधल्या वयाचा बोका, बसला की त्याला टेकून बसावंसं वाटेल असा. आणि बॉबिन हे पिल्लू, दिवसभर गरगर फिरणारं. तिघं एकाच ताटलीत जेवायची. लोड आपलं संपवून अस्तरचं खायचा आणि बॉबिनला चाटायला ताटली उरायची.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी ताईंना चांगलंच झापलं. एक वाढतंय, एक झिजतंय, एक फुगतंय, आणि तिघांना एकच खाणं? लोडबद्दल तर त्यांनी स्पष्ट सांगितलं की हा काठावर आहे, अंग उतरलं नाही तर साखर होणार.

त्याच दिवशी ताई मला घेऊन दुकानात गेल्या. चष्मा कपाळावर, भिंग हातात, एकेक पाकीट उलटं करून वाचत होत्या.

"ताई, सगळ्यांना मिळून एक मोठं पाकीट न्या की," दुकानदार कंटाळून म्हणाला. "मांजर ते मांजर."

"तुमच्याकडे आजोबा, तुम्ही आणि नातू एकाच मापाची विजार घालता का?"

तो हसला आणि त्याने ताईंना बसायला स्टूल दिलं.

बॉबिनसाठी पिल्लांचं घेतलं, तेच सगळ्यांत पौष्टिक. थोडं थोडं, पण दिवसातून बरेचदा द्यायचं. अस्तरसाठी मूत्रपिंडाला झेपेल असं, ओलं आणि मऊ. जरा कोमट केलं की वास सुटतो आणि म्हातारी तोंड लावते. लोडसाठी कमी चरबीचं, तेही मापून. माप आहे त्या वजनाचं नाही, असायला हवं त्या वजनाचं. ताटल्याही वेगळ्या झाल्या: बॉबिनची मशीनखाली, अस्तरची खिडकीत, लोडची न्हाणीघरात, दार लावून.

प्रश्न राहिला लोडला मोजायचा. काट्यावर तो उभा राहीना. टेप दिसली की खेळ समजून तिला लोंबकळायचा. मग ताईंनी त्याच्या पोटाला कापडी पट्टा शिवला. एका टोकाला बटण, दुसऱ्या टोकाला ओळीने काजं. बटण आतल्या काजात गेलं की लोड बारीक झाला, असा हिशेब. ताईंची हुशारी साऱ्या चाळीने वाखाणली.

पण एक गोष्ट ताई सवयीने करून बसल्या. अंगाने भरलेल्या गिऱ्हाइकाचा कपडा शिवताना शिवणीत माया ठेवतात, म्हणजे पुढे कपडा घट्ट झाला तर तेवढं दुमडलेलं कापड उसवून सोडता येतं. लोडच्या पट्ट्यातही त्यांनी माया ठेवली. मोजायच्या वस्तूत ती कशाला, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर येणं शक्यच नव्हतं.

लोड पहिले काही दिवस रडला. भांड्यांवरून मान घासायचा, ताईंच्या पायात यायचा. ताई पाघळल्या नाहीत. मग हळूहळू त्याचं रडणं थांबलं आणि बटण एक काज आत गेलं. पुढे आणखी एक. ताई येईल त्या गिऱ्हाइकाला पट्टा दाखवायच्या. मी त्या संध्याकाळी प्रार्थनेत लोडचं नाव घेऊन देवाचे आभार मानले. आमचे हे म्हणाले, "उपास बोक्याचा आणि पुण्य तुला." मी रागावले नाही, इतका आनंद झाला होता.

बॉबिनचं पाकीट मात्र लवकर संपायचं. "वाढीचं वय आहे," ताई कौतुकाने म्हणायच्या.

डॉक्टरीणबाईंकडे न्यायची तारीख त्यांनी पुढे ढकलली. पट्टा सांगतोय ना, मग जिवाला त्रास कशाला, असं त्यांचं म्हणणं. मग लोड पाणी फार प्यायला लागला. अस्तरच्या वाडग्यातलं, बादलीतलं, नळाखालचं. आणि एके सकाळी तो मागचे पाय पंजांवर न टाकता पार घोट्यापर्यंत जमिनीला टेकवत, घसटत चालताना दिसला. ताईंनी त्याला टोपलीत घातलं आणि मला हाक मारली.

"किती उतरला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन काजं," ताई म्हणाल्या.

"काजं नकोत, वजन सांगा."

मदतनिसाने लोडला धरून काट्यावर बसवलं. तो पहिल्यापेक्षा जड भरला. रक्त तपासलं, तर साखर झालेली. आता रोज इन्सुलिनची सुई, रोज ठरल्या वेळी खाणं, आणि पाय पुन्हा सरळ पडतील की नाही ते सांगता येत नाही.

"पण हा कमी खातो, बाई. मी स्वतः मापून देते," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज लहान झाला होता.

"मग आणखी कुणीतरी देतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पट्टा काढून त्यांच्या हातात दिला.

ताईंनी तो उलटा केला. मी बाजूलाच होते. आतली माया सोडलेली होती, सगळी; तेवढा पट्टा लांब झाला होता, म्हणून बटण आतल्या काजात जात होतं. जुन्या शिवणीची भोकं तशीच दिसत होती आणि त्यांच्या पलीकडे नवी हातशिलाई होती. सुबक, बारीक, एकसारखी. फक्त प्रत्येक टाका उलट्या बाजूला कललेला. असा टाका डाव्या हाताचाच पडतो. ताईंनी त्यावरून अंगठा फिरवला आणि पट्टा पिशवीत ठेवला. वाटेत मी बोलायला गेले तर म्हणाल्या, "वहिनी, टोपली हलवू नका."

घरी धाकटी उंबऱ्यातच होती. लोडचे पाय बघून तिने तोंडावर हात ठेवला. ताईंनी पट्टा तिच्यासमोर मशीनवर टाकला.

"ही शिवण कुणाची गं?"

धाकटीने पट्टा सुलटा केला.

"कुणाची ते मला कळलंय. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"माझी."

"काय घालत होतीस त्याला?"

"बॉबिनचं. तुम्ही मापं घ्यायला बाहेर गेलात की."

"दया आली म्हणून घातलंस, समजले असते. खाणं दिलंस त्याचं मला एवढं नाही. सुई घेऊन बसलीस. एकदा नाही, दोनदा. मी तो पट्टा लोकांना दाखवत होते तेव्हा तू शेजारी बसून काजं करत होतीस."

धाकटी टोपलीपाशी बसली. मग म्हणाली, "ताई, या घरात सगळी तुमच्याकडे जातात. गिऱ्हाइकं, मांजरं, या वहिनीसुद्धा. उपाशी राहायला लागल्यापासून तो माझ्याकडे यायला लागला होता. तुम्हाला कळलं असतं, तर तेही बंद झालं असतं."

"आणि आता?"

ज्या उसवलेल्या शिवणीसाठी मी देवाचे आभार मानले होते, ती माझ्या डोळ्यांसमोर मशीनवर पडली होती.

ताईंनी तिला घराबाहेर काढलं नाही. काढता आलंही नसतं, कारण लोड सुई टोचून घ्यायला एकट्या धाकटीच्याच मांडीवर स्थिर बसतो. रोज सकाळी ताई सुई भरतात आणि म्हणतात, "धर." धाकटी धरते. तेवढाच शब्द. तिन्ही पाकिटं कपाटात गेली आहेत आणि कपाटाची किल्ली टेपेबरोबर ताईंच्या गळ्यात आहे. पट्टा त्यांनी जुन्या शिवणीवर पुन्हा शिवला आणि माया शिवणीलगत कापून टाकली.

काल मी माझा झगा आणायला गेले. ताईंनी घडी मोडली, झगा उलटा केला आणि हाताच्या शिलाईवरून, टोकापासून टोकापर्यंत, अंगठा फिरवत नेला. अगदी माझ्यासमोर. इतक्या वर्षांत हे मी कधी पाहिलं नव्हतं. धाकटी तिथेच खाली बसून कुणाच्या तरी सदऱ्याला बटण लावत होती. लोड तिच्या पायांवर आडवा होता. ताईंचा अंगठा शिवणीवरून सरकत होता तोवर तिची सुई थांबलेली होती.

"ठीक आहे," ताई म्हणाल्या आणि झगा माझ्या हातात दिला.