खाडी ऐकवणारे चाचा

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, तालुक्याच्या सभागृहात कर्णेवाल्या चाचांची वायर उपटली गेली. त्यांचा गुन्हा इतकाच की जनसुनावणीत त्यांनी सुनावणी घेणाऱ्या साहेबांना आमची खाडी ऐकवली. हे आधीच लिहून टाकते. चाचांबद्दल बोलायला लागलं की लोक त्यांचं अत्तर आणि त्यांचे विनोद यांतच रमतात, आणि वायर उपटणारा हात सुटून जातो.

‘कर्णेवाले’ हे नाव धंद्यावरून पडलं. श्रीवर्धनच्या अलीकडच्या आमच्या गावात लग्न असो, उरूस असो की गणपती, कर्णे चाचांचेच. तरुणपणी आखातातल्या एका हॉटेलात साउंडचं काम करून ते परत आले होते. जन्मभर स्पीकरशेजारी उभं राहिल्यामुळे त्यांचा स्वतःचा आवाज असा, की त्यांनी वाडीतून चहा मागितला तर पलीकडच्या काठावर कुणीतरी आधण ठेवावं. आणि हा माणूस आम्हाला गप्प बसायला लावायचा.

खाडी ऐकायची बैठक त्यांच्या सुपारीच्या वाडीत भरायची, भरती लागताना. जुन्या बझरच्या चकत्या रबराच्या लेपात बुडवून त्यांनी पाण्यात सोडायचे माईक बनवले होते. कुठला चिखलात, कुठला तिवराच्या मुळांशी, एक होडीखाली. लग्नातलेच स्पीकर झाडांना गोल बांधलेले, मधे चटयांवर आम्ही, आणि खाडीत त्या क्षणी जे चाललंय ते आमच्या चहूबाजूंनी. चाचा मिक्सरवर बोटं ठेवून चिखल डावीकडे बसवायचे, होडी पाठीमागे न्यायचे, पाणी पायांकडून हळूहळू वर चढवायचे. फोडणीतल्या मोहरीसारखी तडतड सतत चालू. मधेच एखादा मासा घसा खाकरायचा.

पण आल्या आल्या आवाज मिळत नसे. “कान निवू दे आधी,” हे त्यांचं पालुपद. मोटरसायकलवरून आलेल्याचे कान तापलेले असतात, म्हणून आधी नुसतं बसायचं. कुणी कुजबुजलं की चाचा असे ओरडायचे की खाडीतले खेकडेही गप्प व्हावेत.

“चाचा, हा कोण बोलला?” असं कुणी विचारलंच तर म्हणायचे, “माला ठाव न्हाय. नाव कशाला होवं? सोयरीक जुळवायची हाय?” माशांची नावं त्यांना ताटापुरतीच येत होती. त्याची त्यांना लाज नव्हती.

माझं आणि त्यांचं पटायचं असं नाही. रविवारी बैठक आणि सोमवारी हळदीला छाती हादरवणारा डीजे, हे मला ढोंग वाटायचं. तोंडावर म्हटलंही. ते म्हणाले, “लग्नात लग्नाचा आवाज, खाडीत खाडीचा. तू तं दोन्हीकडं भाषणच करतंस.” मग मी गावात वाटायला लिहिलेलं पत्रक हातात घेऊन त्यातल्या उद्गारचिन्हांवर बोट फिरवलं. “एवढ्या काठ्या कशाला गो? कुंपण घालतंस काय?” त्यानंतर मी काठ्या कमी केल्या. राग कमी केला नाही.

तेवढ्यात जेट्टी आली. मालवाहू बार्ज आत यायला खाडीचा तळ खणायचा, असा प्रस्ताव. सोबतच्या अहवालात एक वाक्य होतं: या भागात उल्लेखनीय जलचर जीवन आढळले नाही. चाचांनी ते मला दोनदा वाचायला लावलं आणि त्यांच्या त्या आवाजात विचारलं, “आले कवा होते हे?”

सुनावणीच्या दिवशी चाची छत्री धरून होडीत बसल्या, माईक पाण्यात सोडून आणि चाचांना लावलेला फोन चालू ठेवून. इकडे चाचांनी आपला फोन सभागृहाच्या स्पीकरला जोडला. “साहेब, कान निवू द्या,” म्हणाले. सभागृह खरंच थांबलं. आणि ती तडतड सुरू झाली, भिंतींवरून, पंख्यांवरून.

जेट्टीच्या ठेकेदाराच्या पोरांतून कुणीतरी ओरडलं, “चाचा, मासे हजर हायत तर सही घ्या त्यांची!” हशा पिकला. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, “हे त्याच खाडीतलं कशावरून? तारीख-वेळेसह रेकॉर्डिंग द्या.”

“साहेब, आत्ता वाजतंय. आजची तारीख, आत्ताची वेळ. माझी बायको हाय तिथं, या बघायला.”

“लाइव्हची नोंद घेता येत नाही.” त्यांनी खूण केली आणि ऑपरेटरने वायर उपटली. इतिवृत्तात आलं: हरकतदाराने पुरावा सादर केला नाही. जेट्टीला परवानगी मिळाली.

रेकॉर्डिंग नव्हतंच. चाचा कधी करतच नसत. टिपलेला आवाज म्हणजे सुकट, ताजं म्हावरं समोर असताना सुकट कशाला, असं त्यांचं म्हणणं. परतीच्या एसटीत मी भांडले. हट्टापायी खाडी घालवलीत, असं मी म्हणाले. चाचांनी खिडकीची काच सरकवून बंद केली. मग, पहिल्यांदाच, हळू आवाजात बोलले. “रेकॉर्ड दिला असता तं कपाटात गेला असता, बेटा. वाडीत येऊन बसलेल्या माणसाला निदान उठून जायला तरी लागतं.”

मला तेव्हा पटलं नाही. आजही पूर्ण पटत नाही. अपिलात रेकॉर्डिंगचा उपयोग झाला असता. पण रमजानच्या आधी चाचा गेले आणि वाद अर्धाच राहिला. मय्यतीला गाव लोटलं. त्या दिवशी गावात एकही कर्णा वाजला नाही, कारण भाड्याने द्यायला कोणी नव्हतं.

अपील दाखल झालं आहे आणि फेरसुनावणी होणार आहे. चाचींनी मिक्सर उघडून पुसला आहे. माईक त्या सोडतील. म्हणून वाचणाऱ्यांनो, हळहळ नको, अर्ज हवा. फेरसुनावणी सभागृहात न घेता खाडीकाठच्या वाडीत, भरतीच्या वेळेला घ्या, असं आपल्या हाताने लिहून आजच तालुक्याला द्या, आणि पोच घ्या. तारीख लागली की स्वतः या. साहेब आले तर सरकून चटईवर त्यांना जागा द्या आणि भरती पूर्ण होईपर्यंत उठू देऊ नका.