हेल्मेटमधली पवित्रता

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या, यासाठी मला पगार मिळतो. घरी येऊन हेच काम मी फुकट करते, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे. भिंतीवरचं घड्याळ तिरकं असतं, शेजाऱ्याची गाडी रेषेबाहेर असते आणि ते मला दिसतं, त्याला मी काय करू? दिसलं की आवाज चढतो. मोशीच्या आमच्या सोसायटीतला वॉचमन माझी स्कूटर बघून टोपी सरळ करतो.

पण या डोळ्यांनी एकदा माझा घात केला. दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाचं लग्न होतं. नवरी जालन्याची. चर्चच्या दारात ती गाडीतून उतरली, पांढरी साडी, डोक्यावर जाळी, सगळे कौतुकानं बघतायत, आणि माझी नजर थेट साडीच्या काठावर. लेस चार बोटं उसवलेली! मी अख्ख्या वऱ्हाडासमोर बोलून गेले, "हे असं आणलं? आमच्या कंपनीत हे गेटच्या आतसुद्धा घेत नाहीत!" ती लेस तिच्या आईनं स्वतःच्या हातानं लावली होती, हे मला नंतर कळलं. नवरी रडतच आत गेली. लग्नाच्या अल्बममध्ये पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिचं नाक लाल आहे. भाऊ मला एवढंच म्हणाला, "ताई, आज तरी बघायचं नव्हतंस." त्यानंतर ते रावेतला आणि आम्ही मोशीला. अर्ध्या तासाचा रस्ता, पण येणंजाणं बंद.

यंदा त्यांना मुलगी झाली. बाळंतपण जालन्याला. घरच्या ग्रुपवर फोटो आला आणि मी कंपनीत लाइनवर उभी राहून तो एवढा मोठा करून बघितला की शेवटी नुसती नाकपुडीच दिसायला लागली. आमच्याच घरातलं नाक! मला ते बाळ मांडीवर घ्यायचं होतं. इतकं घ्यायचं होतं की जेवतानाही मी तोच फोटो उघडून बसायचे. पण कुठल्या तोंडानं जाणार? मग ठरवलं, आधी चांगली होते, मग जाते. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतच होता. चाळीस दिवसांत राग संपवायचा आणि पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरलाच, रावेतला जाऊन माफी मागायची.

आमच्या चर्चचे पाळक त्या आठवड्यात उपदेशात म्हणाले होते, पवित्रता आपल्या जोरावर येत नाही, ती देवाच्या कृपेनं येते, ती मागून घ्यायची असते. मला ते पटलं नाही. मागून कधी काही वेळेवर मिळालंय का? मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून तक्ता चिकटवला. न रागावता गेलेल्या दिवसाला हिरवी टिकली, रागावलेल्या दिवसाला लाल.

पहिले चार दिवस लाल. पाचव्या दिवशी मी दात आवळून हसायला लागले. लाइनवर एकानं अख्खी पेटी उलटी लावली, तरी मी त्याच्याकडे बघून हसले. तो खेडचा जुना माणूस घाबरून जागेवरच उभा राहिला. "म्याडम, काय चुकलं का आमचं? सकाळधरनं वरडलाच न्हाई. घरी समदं बरं हाय ना?" नवऱ्यानं तर गुपचूप माझं ब्लडप्रेशर तपासायचं ठरवलं होतं.

आता एक गोष्ट सांगते, ती आमच्या कंपनीत सगळ्यांना ठाऊक आहे. ऑडिटला मोठी पाहुणेमंडळी येणार असली की आदल्या दिवशी सगळा रिजेक्ट माल एका टेम्पोत भरतात आणि ड्रायव्हरला सांगतात, "हायवेला जाऊन चहा पी. फोन केल्याशिवाय येऊ नको." पाहुणे येतात, चकाचक लाइन बघतात, सही करून जातात. मग टेम्पो परत येतो, माल जिथल्या तिथे.

माझा टेम्पो म्हणजे माझं हेल्मेट. कंपनीतून निघाले की काच खाली ओढायची आणि मोशीपर्यंत मनसोक्त ओरडायचं! टेम्पोवाल्यांना, सुपरवायझरला, नवऱ्याला, खड्ड्यांना. बाहेर आवाज जात नाही. घरी पोचते तो अगदी मेणाची बाहुली. कपाटात हिरव्या टिकल्यांची रांग लागली. मला तर माझ्याच पवित्रतेचं कौतुक वाटायला लागलं. आणखी थोडे दिवस, की बाळ माझ्या मांडीवर!

सणाला आठवडा होता. पहिली शिफ्ट सुटली होती, ऊन रणरणत होतं, मोशीच्या चौकात सिग्नलला गाड्या तुंबल्या होत्या, आणि मी हेल्मेटमध्ये सुटले होते. खड्ड्यांना शिव्या देऊन झाल्या होत्या, आता पाळी भावजयीची होती. "रावेतला येऊन आठ दिवस झाले, एक फोन नाही! उसवलं होतं तर उसवलं म्हणायचं नाही का? मी काय आंधळी आहे? दोन वर्षं झाली, दोन वर्षं! आणि मीच मूर्ख! तिच्या आईनं रात्र रात्र बसून लावलेली लेस, आणि मी... आणि मला त्या बाळाचं तोंड बघायचंय! मला कुणी दाखवत का नाही?"

"ताई," कानात आवाज आला, "सिग्नल सुटला वाटतं. मागचे लोक हॉर्न वाजवायलेत बघा."

भावजय! वाढदिवसाला नवऱ्यानं हेल्मेटमध्ये ब्लूटूथ बसवून दिलं होतं. दोन रिंग झाल्या की ते आपणहून फोन उचलतं. माझ्याच आरड्याओरड्यात मला रिंग ऐकूच आली नव्हती. टेम्पो पाहुण्यांच्या समोर येऊन उभा राहिला होता, मागचं फळकं उघडं टाकून.

कशीबशी स्कूटर कडेला घेतली. "किती ऐकलंस?"

"खड्ड्यांपासून," ती म्हणाली. आणि हसायला लागली. इतकी हसली की तिच्याच्यानं बोलवेना. मी रडत होते, मग मीही हसायला लागले, आणि उसाच्या गाड्यावरचा माणूस न विचारता माझ्यापुढे रसाचा ग्लास धरून उभा राहिला.

"फोन यासाठी केला," ती शेवटी म्हणाली, "बाळाच्या बाप्तिस्म्याचा झगा शिवायले मी. माझ्या लग्नाच्या त्या साडीचाच. कुठं चुकलं ते तुमच्याइतकं कोणाला दिसत नाही. येऊन बघता का?"

मी माफीचं काही बोलणार तोच ती म्हणाली, "ते मी मागंच सोडून दिलंय हो. तुम्ही या."

मागंच! मी चाळीस दिवस जे कमावायला निघाले होते, ते तिकडे आधीच देऊन झालं होतं. मी चांगली होऊन जाणार होते. गेले ती त्याच दिवशी, घामेजलेली, हेल्मेटनं केस चपटे झालेली, एकही टिकली न लावता.

भावानं दार उघडलं. आणि बाळच माझ्या हातात ठेवलं. मी त्याला म्हटलं, "चुकलं रे माझं." दोन वर्षं घशात अडकलेले शब्द, आणि निघाले कसे, तर लोण्यासारखे. पाळक म्हणत होते ते मला तेव्हा कळलं. उपदेशात बसून नाही, त्या सोफ्यावर, मांडी ओली झाल्यावर.

भावजयीनं झगा पुढ्यात ठेवला. सगळीकडे बारीक, सुंदर शिवण. फक्त खालच्या काठाची लेस चार बोटं मोकळी.

"हे राहिलंय," मी म्हणाले.

"राहिलं नाही, ठेवलंय," ती म्हणाली आणि सुईदोरा माझ्या हातात दिला. "एवढं तुम्ही घाला."

मी शिवायला बसले. डोळ्यांत पाणी, वर हसू आवरेना. व्हायचं तेच झालं. तिनं झगा हातात घेतला, उजेडाकडे धरला, अगदी माझ्यासारखा.

"ताई, टाका वाकडा गेला."

"दे, उसवते."

"नको, राहू द्या," ती म्हणाली. "पास."

मी अजूनही ओरडते, पण आता काच वर करून ओरडते, आणि मग माफीही मागते. खेडचा माणूस म्हणतो, म्याडम परत नॉर्मल झाल्या. कपाटातला तक्ता मी काढून टाकला. तिथे आता बाप्तिस्म्याचा फोटो आहे, आणि त्यात तो वाकडा टाका स्पष्ट दिसतो.