रबरी कडेचा यो-यो आणि बाबांचा हात

मऊ रबराच्या कडेचा यो-यो चांगला की कडक प्लास्टिकचा, असं कुणी विचारलं तर मला चटकन उत्तर देता येत नाही. आमच्या घरात एका उन्हाळ्यात याच गोष्टीवर बरंच काही अडलं होतं.

बाबा टेलर. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत रस्त्याकडेला छोटं दुकान. वर्षभर फॉल-पिको, उसवलेलं शिवणं, लग्नसराईत थोडं काम. पण खरा हंगाम शाळेच्या गणवेशांचा. विदर्भात शाळा जून संपता संपता उघडतात, त्यामुळे मे महिन्यातच दुकानात निळ्या-पांढऱ्या कापडाच्या थप्प्या लागायच्या. नव्वदचं दशक सरत आलं होतं, मी नववीची परीक्षा देणार होते, आणि त्या थंडीच्या शेवटी बाबा केळझरहून सायकलने येताना पडले. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलेलं होतं, पण बोटं मिटेनात. कात्री धरता येईना.

गणवेशाच्या हंगामापर्यंत हात आला तर दुकान टिकणार होतं आणि मी दहावीत बसणार होते. नाही आला तर मी सुरतला मावशीकडे जायचं, साड्यांवर खडे चिकटवायच्या कामाला. मला हे कुणी समोर बसवून सांगितलं नाही. आई एसटीडी बूथवरून मावशीशी बोलत होती आणि मी दाराशी उभी होते, तेव्हा कळलं.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी मऊ चेंडू दाबायला दिला. म्हणाल्या, "आधी मऊ, मग कडक. कधी बदलायचा ते मी हात बघून सांगीन. दिलेल्या तारखेला या म्हणजे झालं." बाबांनी मान हलवली. पण दुकानात बसून चेंडू दाबायची त्यांना लाज वाटायची. शेजारी सायकल दुरुस्तीवाले काका होते, त्यांना तर विषयच मिळाला.

"काय टेलर, चिकू पिकून राह्यले का?"

"पिकले का पहिला तुलेच देतो," बाबा म्हणाले आणि चेंडू खणात टाकला. तो मग खणातच राहिला.

माझ्याकडे एक यो-यो होता, थंड पेयाच्या बाटल्यांची झाकणं जमवून मिळालेला, कडक प्लास्टिकचा. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. बाबांनी तो मशीनवरून उचलला, दोरीचा फास बोटात घातला आणि सोडला. तो सरळ वर आला आणि बोटं मिटायच्या आत पेरांवर आदळला. बाबा कळवळले. मग पुन्हा सोडला. संध्याकाळपर्यंत पेरं सुजली.

आई म्हणाली, "अवो, पोट्टीचं खेळणं घेऊन काय बसले?"

"चेंडू दाबला तं दाबला, नाई तं नाई. हा वापस येते. धराच लागते."

हे बाबांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. त्या दिवसापासून मला त्या खेळण्याची धास्ती वाटायला लागली. त्याने हात आणखी दुखावला तर? मी झोपताना तो उशीखाली ठेवून द्यायची, सकाळी बाबा मागून घ्यायचे.

पुढच्या आठवड्यात आम्ही गिरडला गेलो. टेकडीवरच्या दर्ग्यात आईने बाबांच्या हातासाठी नवस बोलला. उतरताना खाली खेळण्यांचं दुकान होतं, तिथे हिरव्या रंगाचा यो-यो टांगलेला होता, दोन्ही चकत्यांच्या कडेला जाड मऊ रबर. आईने तो वांगं घेताना दाबून पाहतात तसा दाबून पाहिला आणि म्हणाली, "हा लागनार नाई."

खरंच लागत नव्हता. पेरांवर आपटला तरी थोपटल्यासारखं वाटायचं, बाबा म्हणायचे. रबरामुळे कडेला वजन होतं, म्हणून तो खाली जास्त वेळ फिरत राहायचा आणि बाबांच्या सावकाश हाताला तयारीला वेळ मिळायचा. अर्धवट मिटलेल्या बोटांतूनही रबर घसरायचं नाही. फरशीवर पडला तरी आवाज नाही, तडा नाही.

पण वर्ध्याचा मे महिना. दुपारी रबर चिकट व्हायचं. टेलरच्या दुकानात दोऱ्यांचे तुकडे, कापडाची लव. सगळं कडेला चिकटायचं, आणि संध्याकाळपर्यंत यो-योला दाढी आल्यासारखी दिसायची. दोरी जरा तिरकी झाली की रबराला अडकायची आणि तो खालीच लटकायचा. बाबांनी त्यावर मापाच्या खुणा करायचा खडू किसून चोळला. दोरी अडकायची थांबली. पण आता कड इतकी गुळगुळीत झाली की बोटांतून निसटायला लागला. खडू पुसला की दोरी अडकायची, लावला की हातातून सुटायचा. दिवसभर बाबांचं तेच चालायचं, थोडा लाव, थोडा पूस.

"टेलर, त्याले पावडर लावून नवरी करता का?" सायकलवाले काका.

"तूच पाहाले ये तिले."

आणि मग एका सकाळी बाबांनी तो पकडला. लगेच पुन्हा सोडला, पुन्हा पकडला. चारही बोटं हिरव्या कडेवर मिटलेली. आई दारात उभी होती. ती आधी रडली आणि मग म्हणाली, "पावला. आता फेडाले जाऊ."

दवाखान्याची तारीख त्याच दिवसांत होती. आम्ही गिरडला गेलो. बोललेला नवस आधी फेडायचा, त्याला उशीर करायचा नाही, हे आमच्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. आणि हात तर मिटत होता, सगळे पाहत होते. दवाखान्यात जाऊन आणखी काय दाखवायचं, असं तिघांनाही वाटलं. मलासुद्धा. येताना बसमध्ये मी दहावीची पुस्तकं कुणाची जुनी मिळतील याचा विचार करत होते.

गणवेशाचं कापड आलं तेव्हा बाबांनी पहिलं माझंच घेतलं. टेबलावर पसरलं, खुणा केल्या, लोखंडी कात्रीत अंगठा घातला. मऊ रबरावर मिटणारी बोटं लोखंडावर जोर देईनात. कापड पात्यांमध्ये दुमडलं, कापलं गेलं नाही. बाबांनी कात्री काढून पुन्हा घातली. पुन्हा दुमडलं. सायकलवाले काका पाहत होते, ते उठून आपल्या दुकानात गेले.

मग आम्ही दवाखान्यात गेलो. बाई रागावल्या नाहीत. हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "मऊपुरता हात चांगला आलाय. त्या तारखेला आला असता तर मी कडक दिला असता. आता होईल, पण वेळ लागेल."

कापडाच्या थप्प्या दुसऱ्या टेलरकडे गेल्या. शाळा उघडायच्या आधी मी सुरतेच्या गाडीत होते.

मावशीने मला पोटच्या पोरीसारखं ठेवलं. माझ्यासाठी वेगळी खाट घेतली, काम शिकवलं, आजारी पडले तर पाय दाबले. तिचे उपकार मी विसरणार नाही, आणि हे लिहिताना तिला वाईट वाटेल का, याचीही मला काळजी वाटते.

दिवाळीनंतर मावशीच्या शेजाऱ्यांकडे बाबांचा फोन आला. "कापून राह्यलो आता. पूर्ण पँट कापली काल. तू येतं का वापस? शाळेत मी बोलतो."

माझे हात खड्यांच्या गोंदाने माखलेले होते. फोन कानाशी दुसऱ्या कुणी धरला होता. मी म्हटलं, "आता अर्धं वर्ष गेलं, बाबा. पुढच्या वर्षी पाहू."

"बरं," बाबा म्हणाले. "जेवत जाजो."

पुढच्या वर्षी मी वाट पाहिली, पण त्यांनी विषय काढला नाही. मला वाटलं, माझ्या कामाचा घराला आधार झाला असेल, म्हणून बोलत नसतील. खूप वर्षांनी आईकडून कळलं, तेही वाट पाहत होते. त्यांना वाटायचं, पोरीला तिथे करमलं असेल, तिला उगाच काऊन ओढायचं.