बैलबाजाराचा आठवा नियम

हरणं मला लहानपणापासून सोसत नाही. पत्ते असोत की सापशिडी, हरले की मी डाव उधळून लावायची आणि वर भोकाड पसरायची. आई प्राथमिक शाळेत शिकवायची. रडणाऱ्या मुलांचं तिला कौतुक नव्हतं, पण रागही यायचा नाही.

नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात, नाशिकच्या आमच्या दोन खोल्यांत बसून तिने जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांचे बैल कापले आणि ‘बैलबाजार’ नावाचा खेळ तयार केला. प्रत्येकाला चार बैल आणि मूठभर चिंचोके. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात धरायचे. जितकी बोटं दाबली तितके चिंचोके, ही बैलाची किंमत. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. बाकीच्यांनी दोघांचे चेहरे बघून आकडा ओळखायचा. ज्याने ओळखला, बैल त्याचा. नियम सात होते. पहिल्याच दिवशी मी चारही बैल घालवले आणि सूर लावला, तेव्हा आईने तिथल्या तिथे आठवा लिहिला: ‘रडणाऱ्याला एक बैल परत द्यावा, पण एकदाच.’

पुढे दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ती वर्गातल्या मुलांना नियमांचा सायक्लोस्टाइल केलेला कागद वाटायची. बैल ज्याने त्याने घरी कापायचे.

दहा-बारा वर्षं गेली. मी नोकरीला लागले होते. मेन रोडवरच्या एका दुकानात मला खेळाचा एक चकचकीत खोका दिसला. झाकणावर ट्रक, आत पुठ्ठ्याचे ट्रक, प्लास्टिकच्या चकत्या आणि एक छोटा रुमाल. रुमाल बघून मी चमकले. खोका विकत घेतला आणि दुकानाच्या पायरीवरच नियम वाचायला लागले. बोटं दाबणं, चेहऱ्यावरून ओळखणं, सगळं आमचं! शब्द तेवढे फिरवलेले. आठव्या नियमापाशी आले आणि माझं डोकंच फिरलं. ‘रडणाऱ्याला एक बैल परत द्यावा, पण एकदाच.’ अख्ख्या खोक्यात बैल औषधालाही नव्हता. नक्कल करणाऱ्याने सात नियम मन लावून बदलले होते आणि आठव्याच्या वेळी बहुतेक जेवायला गेला होता.

आईने खोका उलटसुलट करून बघितला. “रुमाल बरा दिलाय,” एवढंच म्हणाली. पण त्या संध्याकाळी तिने तो तीनदा उघडला. झाकणावर, तळाशी, कडेला काहीतरी शोधत होती. काय शोधतेस, विचारलं तर म्हणाली, “कुणी केलाय ते कुठे लिहिलंय का, बघतेय.”

मला फार वाईट वाटलं. स्वतःचं म्हणावं असं तिने आयुष्यात एवढंच केलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला कोर्टाजवळच्या एका वकिलांकडे ओढत नेलं. पिशवीत तिचा जुना सेट आणि तो नवा खोका.

वकिलांनी समजून घ्यायचं म्हणून आम्हा दोघींबरोबर एक डाव खेळून बघितला आणि तीन बैल घालवले. मग म्हणाले, “बाई, नियम तुम्ही ज्या शब्दांत लिहिलेत, ते शब्द तुमचे. त्याला नोंदणीसुद्धा लागत नाही. काढलेली चित्रंही तुमची. पण खेळायची रीत कॉपीराइटमध्ये येत नाही. ती कुणीही घ्यावी आणि आपल्या शब्दांत लिहावी. पेटंटही मिळत नाही तिला.”

“मग चोरी कशाला म्हणायचं?” मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी माझ्याकडे लक्ष न देता आईला विचारलं, “रुमालाची कल्पना तुमचीच?”

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

“छे हो,” आई म्हणाली. “माझे वडील मालेगावच्या बाजारात बैल घ्यायचे ते असेच, रुमालाखाली बोटं धरून. मी लहानपणी बघायची.”

“मग तुम्ही तरी कुणाला विचारलंत?” वकील हसून म्हणाले. मी आणखीच चिडले.

आठव्या नियमावर मात्र त्यांनी पेन्सिलीने खूण केली. “हे वाक्य जसंच्या तसं उचललंय. बैल राहिलाय, म्हणजे पुरावाच आहे. एका वाक्यासाठी कोर्टात फार काही हाती लागणार नाही, पण नोटीस गेली तर घाबरतील.”

“घाबरून काय करतील?” आईने विचारलं.

“पुढच्या छपाईत वाक्य काढून टाकतील.”

“आणि माझं नाव घालतील?”

“एका वाक्यासाठी? नाही घालणार, बाई.”

आईने तो कागद घडी घालून खोक्यात ठेवला. “मग नको,” ती म्हणाली. “ते वाक्य काढलं तर रडणाऱ्या पोरांनी काय करायचं?”

बाहेर आल्यावर मी रस्त्यातच तिच्यावर उखडले. “इतकी कशी गं तू थंड? तुला काहीच वाटत नाही?”

“वाटतं ना. खूप वाटतं,” ती म्हणाली आणि तोंड फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. आईला रडताना मी कधी बघितलं नव्हतं. मग मी पिशवीत हात घातला, तिच्या सेटमधला एक पुठ्ठ्याचा बैल काढला आणि तिच्या हातात ठेवला.

“एकदाच हं,” मी म्हणाले.

ती रडता रडता हसली. रिक्षा मिळेपर्यंत तिने तो मुठीत धरून ठेवला होता.