बादलीतला शेक

आमच्या घरात गिझर आहे आणि तो चालू स्थितीत आहे, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढचं ऐकलं की लोक मलाच विचारतात, "मॅडम, नवरा-बायको दोघं कमावता, सासूला एक गिझर घेऊन देता आला नाही व्हय?" घेतला हो. न्हाणीघरात टांगलाय. पण आमच्या सासूबाईंचं आणि त्याचं पहिल्या दिवसापासून वाकडं. नळ सोडला की गरम पाणी यायच्या आधी पाइपातलं गार पाणी वाहून जातं. नळाची आठ-आठ दिवस वाट बघणाऱ्या या शहरात असं पाणी वाहू देणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप. ते गार पाणी बाजूला धरा, भांड्याला वापरा, असं मी कितीदा सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं. "धरायचं, उचलायचं, न्यायचं. त्यापरीस बादलीत रॉड सोडला की झालं."

सासूबाईंना मी आईच म्हणते. सासरे गेल्यावर त्या अजिंठ्याकडच्या आमच्या गावावरून इथं राहायला आल्या. जमीन दिराकडं दिली, म्हशी विकल्या आणि येताना स्वतःची स्टीलची बादली घेऊन आल्या. प्लास्टिकच्या बादलीत अंघोळ केली की अंगाला वास येतो म्हणे. मी म्हटलं, ठेवा तुमची बादली, पण रॉडला प्लास्टिकचीच बरी, स्टीलमध्ये करंट उतरला तर सगळी बादली धरते. त्यांनी ऐकून घेतलं. आमच्या आईंचं ऐकून घेणं म्हणजे मान हलवणं, त्याच्यापुढं काही नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. एकच गोष्ट दहादा सांगायची मला सवय आहे, आणि दहाव्यांदा आवाज चढतो हेही खरं. रॉडचे नियम मी घरात सगळ्यांना तोंडपाठ करून घेतले होते. आधी रॉड पाण्यात, मग बटण. काढताना आधी बटण बंद, मग पिन भिंतीतून बाहेर, आणि मगच पाण्याला हात. रॉड एक्स्टेंशनच्या बोर्डाला लावायचा नाही, वायर तापून जळते. माझी दोन्ही लेकरं हे पाढ्यासारखं म्हणून दाखवायची. आई म्हणायच्या, "व्हय बाई, व्हय. मास्तरीण तू, आम्ही आपले बिनबुकाचे." असं म्हटलं की समजायचं, यांनी काही ऐकलेलं नाही.

थंडी सुरू झाली तशी त्यांचे गुडघे धरले. सकाळी पलंगावरून उतरायचं म्हटलं तरी भिंतीला धरून. मी त्यांना उस्मानपुऱ्यातल्या एका फिजिओथेरपीवाल्या बाईंकडं न्यायला लागले. त्या बाई गुडघ्याला दोन्ही बाजूंनी पट्ट्या चिकटवायच्या, एका छोट्या मशीनचं बटण फिरवायच्या आणि विचारायच्या, "आजी, मुंग्या येतात का?" आई डोळे मिटून म्हणायच्या, "येत्यात, येत्यात. अजून जरा येऊ द्या." बाहेर आल्या की रिक्षात बसेपर्यंत त्याचंच कौतुक. "करंटात एवढा गुण असतो हे मला या वयात कळलं बघ." त्यांना बरं वाटतंय हे बघून मलाही बरं वाटायचं. ते दवाखान्याचं काम मी अर्ध्या दिवसाच्या रजेवर करायचे, कारण नवऱ्याची वाळूजच्या कंपनीत पाळी, आणि आई रिक्षानं एकट्या जायला तयार नाहीत.

मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं, की आता गुडघा मोकळा झाला, उस्मानपुऱ्याला जायचं नाही. मी दोनदा विचारलं. चालून दाखवा म्हटलं तर स्वयंपाकघरापर्यंत चालूनही दाखवलं. खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. फक्त एक झालं, त्यांची सकाळची अंघोळ लांबली. आत गेल्या की बाहेर यायचं नाव नाही. मी कपडे वाळत घालून, डबे भरून, पोरांच्या वेण्या-फण्या आवरून परत यायचे तरी दार लोटलेलंच. थंडीचं पाणी तापायला वेळ लागत असेल म्हणून मी सोडून दिलं.

एका रविवारी धाकटीला शाम्पू हवा होता. तो न्हाणीघरात. मी बाहेरून हाक मारली, उत्तर नाही. दार ढकललं. आई प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेल्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात रबरी सपाता. समोर त्यांची स्टीलची बादली, बादलीत रॉड, पाण्यावर बारीक वाफ. बाहेरच्या भिंतीवर बटणाचा लाल दिवा चालू. आणि यांचा एक हात मनगटापर्यंत पाण्यात, डोळे मिटलेले.

त्यांना हात लावायचा नाही एवढं भान मला कसं राहिलं, देव जाणे. मी मागं फिरून बटण बंद केलं, पिन उपटली आणि मग जी ओरडले, ती गल्लीच्या टोकाला ऐकू गेली असणार. नवरा अर्धी दाढी केलेला तसाच धावत आला.

"काय करत होता आई तुम्ही?"

"शेक घेत व्हते," आई शांतपणे म्हणाल्या. हात पदराला पुसला. "एवढं बोंबलायला काय झालं? ती बाई तिकडं लावती तोच करंट हाय. ह्या बादलीत आपसूक येतो. बारीक मुंग्या येत्यात. बोटाचे सांधे लई मोकळे झाले माझे."

म्हणजे हे आजचं नव्हतं. मी डबे भरत होते, त्या भिंतीच्या पलीकडं ही बाई रोज सकाळी करंटात हात घालून बसत होती. नवरा म्हणाला, "आई, अगं मेली असतीस." त्यावर त्यांनी विचारलं, "मग तिथं का मरत न्हाई माणूस? तिथं तं पैसे घेऊन लावतेत." त्या मशीनमधला करंट मोजून-मापून नखाएवढा सोडलेला असतो आणि हा भिंतीतला माणूस मारायला पुरेसा असतो, हे मला सांगता आलं, पण दहा मिनिटांनी. तोपर्यंत आईंनी गार होत चाललेल्या पाण्यानं अंघोळ उरकायची तयारी केली होती. मी ते पाणी हातात घेऊ दिलं नाही. बादली तशीच झाडाला ओतायला नेली, तर मागून आवाज, "जपून, सांडू नकोस."

दुपारी गुलमंडीजवळच्या दुकानातला लाइटवाला आला. आमच्या घरातली सगळी वायरिंग त्याचीच. त्यानं रॉड हातात घेऊन फिरवला आणि खालच्या वळणावर केसासारखी चीर दाखवली. तिथून पाणी आत जात होतं आणि करंट बाहेर येत होता. "अम्मा, ये अब कचऱ्यात," तो म्हणाला. मी विचारलं, की करंट असा पाण्यात उतरत होता तर मेन स्विच पडला का नाही. तो म्हणाला अर्थिंग बघू. घराच्या मागं, बोळीत, अर्थिंगचा खड्डा. घर बांधताना त्यात मीठ आणि कोळसा भरला होता, आणि अधूनमधून पाणी घालत जा, असं तेव्हाच सांगितलं होतं. जमीन कोरडी पडली की ती करंट ओढून घेत नाही. आम्ही बोळीत गेलो तर खड्डा सापडेना. त्याच्या झाकणावर आईंचा पाण्याचा निळा ड्रम उभा होता. भरलेला, वर फडकं बांधलेला. पाण्याची एवढी मोठी टाकी डोक्यावर घेऊन आमचा खड्डा खाली ठणठणीत कोरडा पडला होता.

ड्रम सरकवायचा तर तो अर्धा रिकामा करावा लागणार होता. इथं आई आडव्या आल्या. भिंतीला धरत धरत त्या बोळीत येऊन ड्रमाला धरून उभ्या राहिल्या. "नळ यायला अजून चार दिस हायेत. माणसाला प्यायला न्हाई आन् तुम्ही खड्ड्याला पाजता?" लाइटवाल्यानं समजावलं, नवऱ्यानं समजावलं. माझं डोकं आधीच सणकलेलं. मी म्हटलं, "आई, त्या खड्ड्याला पाणी नव्हतं म्हणून आज तुम्ही हाडामासाच्या अर्थिंग झाला असता. पायात सपात होती, बुडाखाली प्लास्टिकचं स्टूल होतं, म्हणून नुसत्या मुंग्या आल्या. एक पाय ओल्या फरशीवर टेकला असता, नाहीतर दुसऱ्या हातानं नळ धरला असता, तर मी तुम्हाला उचलायला आले असते आणि मीही चिकटले असते." हे मी रागात बोलले, पण बोलताना मला ते सगळं दिसलं आणि माझा आवाज फाटला. मग त्यांनी स्वतःच ड्रमाचं फडकं सोडलं. पाणी एक थेंब न सांडता घरातल्या पातेल्यांत, कळशांत, कुकरमध्येसुद्धा गेलं. खड्ड्याला डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घालायचं ठरलं. ते चालतं असं लाइटवाला म्हणाला, तेव्हा त्यांचा जीव थोडा भांड्यात पडला.

संध्याकाळपर्यंत त्यानं खड्ड्यात नवं मीठ-कोळसा भरला आणि मीटरजवळ एक नवं बटण बसवलं. करंट कुठं गळाला की ते पापणी लवायच्या आत घरातली लाइट बंद करतं. त्याला एक छोटी कळ असते, ती दाबून बघितली की ते जिवंत आहे का कळतं. महिन्यातून एकदा दाबा, असं सांगून तो गेला. रॉडची वायर मी कात्रीनं कापून टाकली, म्हणजे कुणाला तो फेकलेला उचलून वापरायची बुद्धी होऊ नये.

आई पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. चहा दिला तर घेतला, पण रुसलेल्या. नवरा पाळीवर निघून गेला होता, लेकरं बाहेर खेळत होती. मी शेजारी बसले.

"माझा शेक गेला," त्या म्हणाल्या.

"उद्या उस्मानपुऱ्याला जाऊ."

"नाय."

"का नाही? गुडघा मोकळा झाला होता ना? मग आज बोळीत भिंत धरून कशाला चालत होता?"

त्यांनी बशीत फुंकर घातली. मग म्हणाल्या, "तुझ्या शाळेतली मोठी बाई फोनवर तुला बोलली. रोज रोज अर्धा दिवस कसा देऊ म्हणून. तू आतल्या खोलीत 'सॉरी मॅडम, सॉरी मॅडम' करत व्हतीस. मी ऐकलं. माझ्या गुडघ्यापायी तू कोणाचं का ऐकून घ्यावं?"

राग तर होताच. मी म्हटलं, "म्हणून तुम्ही जीव धोक्यात घालणार? त्या बादलीत काहीतरी चुकीचं आहे एवढं तुम्हाला एकदाही वाटलं नाही?"

"वाटलं की," आई म्हणाल्या. "पहिल्यांदा झटका बसला तवा भ्याले मी. हात काढूनच घेतला."

"मग?"

"मग परत घातला." त्यांनी बशी खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडं वळून बसल्या. "तू दिसभर वर्गात उभी राहती. रातच्याला टाचा चोळत बसती, कोणाला सांगत न्हाईस, पण मला काय डोळे न्हाईत? तुला कोण न्हेणार उस्मानपुऱ्याला? मी म्हटलं, हे पाणी गुणाचं असंल तं तुलाबी पाय बुडवायला सांगू. पण आधी मी बघते चार दिस. काय वाईट असंल तं मला होईल. तुझी लेकरं ल्हान हायेत."

मी रडले. त्यांच्यासमोर, हुंदके देऊन, सासरे गेले तेव्हाही रडले नव्हते तशी. त्यांनी माझ्या पाठीवरून तो हात फिरवला, खरबरीत, सांध्यांना गाठी आलेला, आणि जरा वेळानं वैतागून म्हणाल्या, "बास आता. लेकरं येतील. जाऊ उद्या उस्मानपुऱ्याला. पण त्या बाईला सांगायचं, आधी हिच्या टाचा बघा."