अजून न ठरलेलं

साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की मला देवळालीच्या रस्त्यावरची ती धुक्यातली सकाळ आठवते. वराहपालन केंद्रावरून डोळ्यांना न दिसणारे डुकराचे इवले गर्भ नळीत भरून, ती नळी कोमट पाण्याच्या थर्मासात ठेवून मी टेम्पोनं प्रयोगशाळेकडे निघाले होते, आणि पुढं उसाच्या ट्रॉल्या अडकल्या. थर्मासमधलं पाणी निवायला लागलं, तशी मी नळी काढून शालीखाली पोटाशी धरली. "काय हाय त्यात?" ड्रायव्हरनं विचारलं. "डुकराचे गर्भ. गार पडले तर मरतील." त्यानं समोरच्या देवाच्या फोटोकडं पाहिलं. "काळीज-बिळीज झालंय का त्यांचं?" "अजून काहीच ठरलेलं नाही," मी म्हणाले, "यातली पेशी काळीज होईल, कातडी होईल, काहीही होईल. तेच तर शिकतेय." "मंग ठरू द्या की निवांत," तो म्हणाला आणि त्यानं वाकून माझ्या बाजूची काच वर केली. धुकं, मळीचा वास, ट्रॅक्टरवरची गाणी सगळं बाहेर राहिलं; आत नुसती ऊब. ते गर्भ जगले. काल पाहुण्यांनी माझ्या दहावीतल्या मुलीला विचारलं, "मग, काय व्हायचं ठरवलंस?" "ठरेल निवांत," म्हणत मी उठले आणि तिच्या मागची खिडकी लावून घेतली.