नव्या गाडीचं लिंबू

आज सकाळी आमच्या सोसायटीत शेजाऱ्यांची नवी गाडी आली. चाकाखाली लिंबू फुटलं आणि त्या आंबट वासासरशी मी वीस वर्षं मागे, नेरे गावच्या रस्त्यावर जाऊन पोचलो.

त्या दिवशी माझी गाडी नवी होती. पांढरीशुभ्र, बॉनेटवर झेंडूचा हार. गाडी मला धड चालवता येत नव्हती, हॉर्न मात्र उत्तम वाजवता येत होता. पुढे एक म्हातारेबुवा सायकलवर निघाले होते, कॅरियरला दुधाची किटली बांधलेली. रस्ता अरुंद होता, तरी मी त्यांना खेटून गाडी काढली. ते कडेच्या खडीवर पडले आणि किटलीतलं दूध माझ्या दारावर उडालं.

"लागलं का?" एवढं तरी विचारायचं! मी काचेतून ओरडलो, "दिसत नाही का? आजच आणलीय गाडी!"

"चुकलं माजं, शेट. डाग नाय ऱ्हायचा, आमी पुसतो ना," म्हणत त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. कोपर सोलून रक्त येत होतं, तरी ते वाकून दार पुसत राहिले.

चूक माझी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी खाली उतरलो आणि राहिलेला एक डाग त्यांना बोटाने दाखवला.